नऊ सुती साड्या

आईचा शेवटचा दिवस तसा काही विशेष नव्हता. फेब्रुवारीतला गुरुवार. कॉलेजला कसलीशी सुट्टी होती, त्यामुळे मी काम करते ते ग्रंथालय बंद आणि मी घरी. शिरूरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत, खिडकीशी, आईचं पायमशीन आहे आणि त्याच्यासमोर दोन हातांवर माझी वाचायची खुर्ची. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी तशाच बसत असू. तिचं मशीन चालायचं, माझी पानं उलटायची. मध्येच ती म्हणायची, "अनु, सुई ओव." मी पुस्तकात बोट घालून उठायचे, सुई ओवून द्यायचे, परत बसायचे. तासन्‌तास एवढंच बोलणं.

आई तान्ह्या बाळांचे कपडे शिवायची, तेही फक्त जुन्या कापडाचे. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, सगळा बाळंतविडा. नव्या कापडातली खळ कोवळ्या अंगाला बोचते म्हणून तान्ह्याला पहिलं कापड जुनं घालायचं, ही रीत आमच्या भागात अजून पाळतात. पण घरोघरी जुन्या सुती साड्या मात्र आता राहिलेल्या नाहीत. म्हणून आई बोहारणीकडून कापड घ्यायची. नकुशी नावाची बोहारीण दौंडहून महिन्या-दोन महिन्यांनी शिरूरला फेरी करायची. स्टीलची भांडी देऊन लोकांकडून जुने कपडे घ्यायची आणि त्यातलं सुती तेवढं आमच्या ओट्यावर आणून टाकायची. आई एकेक साडी गालाला लावून बघायची. पसंत पडलेली साडी उकळत्या पाण्यातून काढायची, दोन दिवस कडक उन्हात वाळवायची, आणि मगच तिला कात्री लावायची.

त्या गुरुवारी सकाळी कवठे येमाईच्या झुंबरबाई आल्या होत्या. त्यांच्या नातसुनेला आठवा लागला होता. त्यांनी पिशवीतून एक धोतर काढून मशीनवर ठेवलं.

"मार्थाबाई, हे आमच्या आबांचं, सासऱ्यांचं. झबली ह्याचीच शिवा."

"आबांनी दिलं?" आईनं विचारलं.

"कुठलं देतायत. ब्याण्णव वर्सं झाली, पर धोतर सोडवंना. मग नातसून म्हणली, आबा, तुमच्यावानी जगू द्या की प्वार. तवा ढिले पडले. आता टावेल गुंडाळून ओसरीवर बसलेत आन् आल्यागेल्याला सांगत्यात, माझं धोतर शिरूरला गेलंय."

आई इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. "मग लवकर शिवते. आबांना गारठा लागेल."

"दुसरी तीन हायत हो. पर त्यांचा जीव ह्याच्यातच."

झुंबरबाई गेल्यावर आईनं धोतर जमिनीवर अंथरलं आणि त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरत ती खडूनं खुणा करायला लागली. चार झबली बसत होती. तिनं चारही कापली आणि पहिलं शिवायला घेतलं.

माझा धाकटा भाऊ स्टीफन कुरकुंभच्या एका कंपनीत आहे आणि दौंडला राहतो. त्याची बायको ब्लेसी पहिलटकरीण, एप्रिलची तारीख. ब्लेसीला आई नाही. त्यामुळे बाळंतपण दौंडलाच आणि ते आईनं करायचं, हे ठरलेलं होतं. मार्चअखेर जायचं होतं.

"तीन महिने तरी मोडतील," आई म्हणाली. मशीन चालूच होतं. "तुला चालेल ना?"

"न चालायला काय झालं? बरंच होईल. निवांत वाचन होईल."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि तिनं दोरा दातानं तोडला.

मी खोटं बोलले होते. खरं उत्तर तोंडाशी आलं होतं, पण एक्केचाळीस वर्षांच्या, कमावत्या, स्वतःच्या मर्जीनं लग्न न केलेल्या बाईनं आईला जाऊ नकोस म्हणायचं, तेही आई नसलेल्या एका मुलीचं बाळंतपण सोडून, हे मला शोभेना. शिवाय आईचा तसा समजच होता की मला एकांत आवडतो. मीच तो करून दिलेला. लहानपणापासून कुणी काही विचारलं की मी पुस्तक वर करायचे.

संध्याकाळी मेथीची भाजी आणि भाकरी खाल्ली. प्रार्थना झाली. आई झोपायला गेली. सकाळी सहाला मी दूध तापत ठेवलं, तरी ती उठली नव्हती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, पहाटे कधीतरी.

*

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणि नंतर कबरस्थानात पुष्कळ लोक आले. ज्या बायकांच्या मुलांना आईनं झबली शिवली होती त्या आल्या, त्यांची मोठी झालेली मुलंही आली. बहुतेक सगळ्यांनी मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली: तुला निदान पुस्तकांची सोबत आहे. मी मान हलवत राहिले.

स्टीफन चार दिवस राहिला. निघताना बूट घालत म्हणाला, "ताई, दौंडला चल असं म्हणणार होतो. पण तुला आमच्याकडं करमायचं नाही. दोन खोल्या, शेजारी टीव्ही, त्यात आता बाळ. तुला शांतता लागते."

"मी ठीक आहे," मी म्हणाले. "बाळंतपणाचं काय करणार?"

"मालनबाई म्हणून एक आहेत. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालतात. त्यांना सांगतो."

तो मला विचारत नव्हता. मी नाही म्हणेन याची त्याला इतकी खात्री होती.

आईच्या दहा सुती साड्या होत्या. त्यातली पांढरी तिच्याबरोबर गेली. राहिलेल्या नऊ मधल्या खोलीतल्या दोरीवर, तिनं घातल्या होत्या तशाच, लांबट घड्या करून. तिला कपाट आवडायचं नाही. साडीला वारा लागला पाहिजे म्हणायची. मी कॉलेजातून येऊन दार उघडलं की पहिली त्यांच्यावर नजर जायची. खिडकीतून वारा आला की एखादा पदर हलायचा. एकदा मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "आई, दूध वर आलंय, बघ." दुसऱ्यांदा, "उद्या मला उशीर होईल." तिसऱ्यांदा काय म्हटलं ते आठवत नाही, एवढंच आठवतं की बोलून झाल्यावर मी हातातलं काम थांबवून उत्तराची वाट बघितली होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नकुशी आली. आईला जाऊन दहा दिवस झाले होते. डोक्यावरची पाटी तिनं ओट्यावर टेकवली आणि हाक मारली, "बाई, हायत का?"

मी दार उघडलं.

"बाई कुठंयत?"

"दौंडला गेलीय," मी म्हणाले. "भावाकडे. वहिनीचं बाळंतपण आहे."

हे मी ठरवून बोलले नाही. वाक्य तयार असल्यासारखं आलं.

"अगं बया, माझ्याच गावाला? आन् मला सांगितलं न्हाई?" नकुशीनं पदरानं तोंड पुसलं. "मंग आज सुती कुणाला दावू?"

"थांब," मी म्हणाले. मी आत गेले आणि दोरीवरच्या नऊच्या नऊ साड्या दोन्ही हातांनी काढून तिच्यापुढे आणून ठेवल्या. "ह्या घेऊन जा."

नकुशी साड्यांकडे बघत राहिली. "ह्या तर बाईच्या नेसायच्या हायत."

"हो."

"सगळ्या द्यायच्या? मंग बाई नेसणार काय तिकडं?"

"नवीन घेतल्यात."

तिनं वरची साडी उचलून गालाला लावली. आईला बघूनच शिकली असणार. "ताई, येवढ्या मऊ झालेल्या साड्या बाईनी सोता झबल्याला ठिवल्या असत्या. इचारा बरं एकदा फोन करून."

"तीच म्हणाली दे म्हणून."

मग नकुशीनं वाद घातला नाही. पाटीतली भांडी खालीवर करून तिनं तांब्याच्या बुडाचं एक मोठं पातेलं काढलं. "हे ठिवा. बाईला सांगा, नकुशीनं फसवलं न्हाई. आन् दौंडात हायत तर बाजाराला यायला सांगा. मी शेवटाला बसती, चपलांच्या म्होरं."

ती गेल्यावर मी मधल्या खोलीत गेले. नुसती दोरी होती. त्या दिवशी मी कुणाशीही काही बोलले नाही.

*

पंधरा दिवसांनी झुंबरबाई झबली न्यायला आल्या. त्यांना कळलं होतं. ओट्यावर पाणी पिऊन त्या बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसल्या. मग म्हणाल्या, "आबांचं धोतर तसंच राहिलं आसंल."

"नाही, शिवलंय," मी म्हणाले.

आईनं एक झबलं पूर्ण केलं होतं. कापलेली तीन मी शिवली होती. शाळेत शिवणाचा तास असायचा तेवढ्या भांडवलावर, चार संध्याकाळी मशीनशी झगडून. मला त्यांचा थोडा अभिमानही वाटत होता. झुंबरबाईंनी आईचं झबलं एका हातात घेतलं, माझं दुसऱ्या हातात.

"पोरी, हे उलटं शिवलंस की."

"उलटं कसं? शिवण आतच असते."

"आपल्या कापडाची. बाळाची भायेर आसती. आत आली तर त्याच्या अंगाला घासंल की गं. बघ, तुझ्या आयनं कशी घातलीय."

मी बघितलं. शिवणीची कड बाहेरच्या बाजूला, दुमडून चपटी केलेली. आतून गालासारखं गुळगुळीत. इतकी वर्षं मी त्या मशीनसमोर बसत होते आणि हे मला माहीत नव्हतं.

"येवढी पुस्तकं वाचलीस, त्यात लिव्हलेलं न्हाई व्हय हे?"

"नाही."

"मग कसली पुस्तकं," झुंबरबाई म्हणाल्या आणि ब्लाउजला लावलेली पिन काढून शिवण उसवायला बसल्या. मीही दुसरं झबलं घेऊन कात्रीच्या टोकानं उसवायला लागले.

उसवता उसवता त्या म्हणाल्या, "तुझी आय खोटं शिवायची न्हाई. माझ्या थोरल्या नातवाच्या येळंला मी एक लुगडं आणलं व्हतं, जावंनं दिलेलं. तुझ्या आयनं इचारलं, कुणाचं? म्हणलं, जावंच्या आयचं. हायत का त्या? मी म्हणलं, न्हाईत, औंदाच गेल्या. तर माघारी दिलं. म्हणली, आमच्यात हे मानत न्हाईत, पर तुमच्यात गेलेल्याचं कापड तान्ह्याला घालत न्हाईत. तुमच्या सासूला कळलं तर त्यांच्या जिवाला लागंल. दुसरी आसती तर गप शिवून दिलं आसतं. कापडाला काय तोंड आसतंय व्हय सांगायला."

मी कात्रीच्या टोकानं पुढचा टाका उचलला.

"कुणाचं कापड, ते तिच्या तोंडून खरं निघणार. म्हणून तर कवठ्यावरनं इथवर यायचो आमी." त्यांनी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. "तुझं कसं चाललंय एकटीचं?"

"बरं चाललंय."

"व्हय. तुला सवय हाय."

*

मार्चच्या शेवटी ब्लेसीचा फोन आला. ती फोनवर नेहमी आधी माझं जेवण झालं का ते विचारते. त्या दिवशी विचारलं नाही.

"ताई, एक मागू का? आई म्हणाल्या होत्या, बाळाचं पहिलं झबलं माझ्या साडीचं शिवेन. त्यांची राहिली असेल ना एखादी? कुठलीही चालेल. फाटकी असली तरी."

मी फोन कानाशी धरून मधल्या खोलीतल्या नुसत्या दोरीकडे बघत राहिले. तिला वाटलं मला पटलेलं नाही.

"मालनबाई म्हणतात गेलेल्या माणसाचं घालू नये. मी म्हटलं, आमच्यात असं काही नसतं. आणि आई होत्या त्या. तुम्हाला त्यातली साडी कापायला जड जात असेल तर राहू द्या, ताई."

"नाही. शिवते मी," मी म्हणाले.

"तुम्ही शिवाल?"

"हो. आता येतं मला."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली आणि दौंडची एसटी धरली. न्हावऱ्यापर्यंत उभी होते, मग जागा मिळाली. कारखान्यांचा हंगाम संपत आला होता. तोडलेल्या उसाची मोकळी रानं आणि मधूनच एखादं उभं शेत. चौफुल्याला गाडी अर्धा तास थांबली. स्टीफनला मी येत असल्याचं कळवलं नव्हतं.

बाजारात चपलांच्या दुकानांपुढे, शेवटाला, नकुशी काळी छत्री रोवून कपड्यांच्या ढिगाशी बसली होती. मला बघून ती उठलीच.

"ताई, बाई कुठंयत? मी दर बाजाराला वाट बघती. येवढ्या जवळ आसून फिरकल्या न्हाईत. पातेलं आवडलं न्हाई का? रुसल्यात?"

आजूबाजूला गिऱ्हाइकं होती. एक बाई शर्ट झटकून बघत होती. मी नकुशीच्या शेजारी खाली बसले.

"नकुशी, आई गेली. तू घरी आलीस तेव्हा जाऊन दहा दिवस झाले होते."

तिनं हात ढिगावर ठेवला आणि तसाच राहू दिला. शर्टवाल्या बाईनं काहीतरी विचारलं, ते तिनं ऐकलं नाही.

"मंग मला दौंड का सांगितलं?" ती हळू आवाजात म्हणाली. "मी तुमच्या भावाचं घर बी हुडकलं असतं. म्हटलं, बाळंतिणीच्या घरात कशाला जायचं जुनी कापडं घिऊन. म्हणून गेली न्हाई."

"तुला सांगायला पाहिजे होतं."

"व्हय. पायजे व्हतं."

मी विचारलं, "त्या साड्या आहेत का?"

"कुठल्या आता. सुती थांबतंय व्हय. दोन धड व्हत्या त्या ऊसतोडीच्या बायांनी नेल्या, त्या टोळ्या आता बीडकडं गेल्या. बाकीच्या कंपनीवाल्याला."

"कंपनीवाल्याला?"

"मशिनी पुसायला. सुती लागतं त्यांना, तेल शोषून घेतं. गठ्ठ्यानं नेतो तो." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हाईत आसतं तर एक तरी ठिवली आसती. तुमी म्हणला, बाईच म्हणल्या दे म्हणून."

कुठली कंपनी, ते मी विचारलं नाही. विचारून काय करणार होते. मी एवढंच सांगितलं की ब्लेसीनं बाळासाठी मागितलीय.

नकुशीनं ढिगाच्या खालून ओढून एक साडी काढली. फिकट जांभळी, बारीक पांढऱ्या चौकटीची. धुऊन धुऊन चौकट जवळजवळ गेलेली. "ही बाई नेसायच्या तसलीच हाय. कुणाची म्हाईत न्हाई, इकडच्याच गावातनं आली. घ्या."

मी ती गालाला लावली. मऊ होती.

"झबलं झाल्यावर कापडाला कोण वळखतंय," नकुशी म्हणाली. ती पैसे घेईना. मी साडी पिशवीत घातली आणि स्टीफनच्या घरावरून न जाता सरळ स्टँडवर आले.

*

मी ती साडी उकळली, दोन दिवस वाळवली आणि आईसारखीच जमिनीवर अंथरली. साडी गुडघ्याजवळ सगळ्यात जास्त झिजते; तिथलं कापड बाळाच्या पाठीला घ्यायचं. एका जागी फाटलेलं कुणीतरी रफू केलं होतं. इतकं बारीक की उजेडासमोर धरल्यावरच दिसलं. ही बाई नीटनेटकी असणार. रफू करताना तिला जवळचं नीट दिसत असेल का, ती साडी तिनं स्वतः दिली का तिच्यामागे कुणी दिली, असं माझ्या मनात येत राहिलं. रफूचा भाग मी सोडून दिला. शिवण बाहेर घेतली, कड दुमडून चपटी केली. बटण लावलं नाही. पाठीला दोन बंध. सुई ओवायला वेळ लागला. सुईचं भोक मला दिसत होतं, तरी दोरा तीनदा चुकला.

काम चांगलं झालं. आईनं नावं ठेवली नसती. आणि तिनं विचारलं असतं, कुणाचं आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ब्लेसीला मुलगी झाली. आठव्या दिवशी मी दौंडला गेले. स्टीफनची दुसरी पाळी होती. तो जेवून निघायच्या तयारीत होता. ब्लेसी कॉटवर टेकून बसलेली, बाळ तिच्या मांडीजवळ कापडात गुंडाळलेलं. मालनबाई अंघोळ घालून गेल्या होत्या. खोलीत धुरीचा आणि तेलाचा वास होता. शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

मी झबलं काढून ब्लेसीच्या हातात दिलं. तिनं ते उलगडलं आणि चेहऱ्याला लावलं.

"बघू," स्टीफन म्हणाला. त्यानं ते खिडकीशी नेलं. त्याचा डबा दुसऱ्या हातात होता, तो त्यानं खाली ठेवला. "हां. ही ती. माझ्या दहावीच्या पेपरला सोडायला आली होती ना आई, ती हीच नेसून. शाळेच्या फाटकाशी तीन तास उभी होती, उन्हात. मी बाहेर आलो तेव्हा ह्याच पदरानं माझं तोंड पुसलं होतं." तो हसला आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले. "तुला आठवतं, ताई?"

तो दहावीला असताना मी पुण्याला वसतिगृहात होते. मला आठवण्याचा प्रश्नच नव्हता. पण मी मान हलवली.

त्यानं झबलं बाळाच्या पायांवर अलगद ठेवलं, डबा उचलला आणि म्हणाला, "बरं झालं तू जपून ठेवल्यास." मग तो गेला. जिन्यावर त्याचे बूट वाजत गेले.

ब्लेसीनं बाळाला झबलं घातलं. एकेक हात बाहीतून काढताना ती तोंडानं आवाज करत होती. पाठीचे बंध बांधले. बाळ मध्येच दचकलं, हात फाकले आणि पुन्हा झोपलं. झबलं थोडं मोठं झालं होतं.

"आई म्हणायच्या, थोडं मोठंच शिवावं, बाळ त्यात वाढतं," ब्लेसी म्हणाली. "मला फार वाटत होतं, ताई, की बाळाला त्यांचा हात लागायला पाहिजे होता. हे अंगावर आलं, आता मला बरं वाटतंय." तिनं बाळाच्या पोटावरून हात फिरवला. "तुम्ही आज राहा असं म्हणणार होते. पण तुम्हाला इथं झोप यायची नाही. ह्या टीव्हीनं तर आम्हालाच येत नाही. सहाची गाडी आहे ना तुमची?"

"हो."

"चहा करते."

"तू उठू नकोस," मी म्हणाले. मीच स्वयंपाकघरात गेले. पातेलं सापडलं, साखर सापडली. चहा उकळेपर्यंत मी ओट्याला टेकून उभी राहिले. काही न बोलता चहा पिऊन निघायचं, एवढंच करायचं होतं. स्टीफनला त्याची साडी सापडली होती, ब्लेसीला बरं वाटत होतं, आणि बाळाला कुणी कधी विचारणार नव्हतं. साडेआठला मी शिरूरला उतरले असते. कुलूप काढलं असतं.

मी दोन कप घेऊन बाहेर आले. तिचा कप स्टुलावर ठेवला. माझा हातातच राहिला.

"ब्लेसी, ही साडी आईची नाही."

तिनं वर बघितलं. तिचा हात बाळाच्या पोटावर तसाच होता.

"मग कुणाची?"

"माहीत नाही. इथल्याच बाजारातून आणली. बोहारणीकडून."

"पण स्टीफन म्हणाला..."

"त्याला तसं वाटलं. मी त्याला थांबवलं नाही."

ब्लेसी बाळाकडे बघत राहिली. बंधाची गाठ तिच्या बोटांखाली होती. तिनं ती सोडली नाही, आणि असू द्या, ताई, असंही म्हणाली नाही.

"आईंच्या कुठं आहेत?"

"दिल्या. आई गेल्यावर दहाव्या दिवशीच, ब्लेसी. नऊच्या नऊ. तू फोन केलास तेव्हा घरात एकही नव्हती, आणि मी शिवते म्हणाले."

शेजारी टीव्हीवर कुणीतरी जोरात हसलं आणि थांबलं.

"का दिल्यात?" तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मी कप स्टुलावर ठेवला आणि कॉटच्या कडेला, बाळाच्या पायांशी बसले. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं: जागा नव्हती, कसर लागली असती. त्यातलं काही तोंडातून निघेना.

"दोरीवर होत्या तोवर मी त्यांच्याशी बोलत होते," मी म्हणाले. "घरात आल्या आल्या. आणि मग उत्तराची वाट बघायचे. ती जायच्या आदल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, तीन महिने दौंडला गेले तर तुला चालेल ना. मी म्हटलं, बरंच होईल, वाचन होईल. ती म्हणाली, मला वाटलंच. हेच शेवटचं धड बोलणं आमचं. तुम्ही सगळे तेच म्हणता, मला एकटं आवडतं, मला शांतता लागते. मीच तसं सांगत आलेय सगळ्यांना. मला चालणार नव्हतं, ब्लेसी. तिनं विचारलं तेव्हाच चालणार नव्हतं. आणि आताही चालत नाही."